हुकूम सुटला, पण ऐकू गेला नाही!

आग विझवायला पाणी लागतं, शिडी लागते, धाडस लागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण बंबवाल्यांचा जीव ज्या वीतभर काळ्या संचावर टांगलेला असतो, त्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही. न्यूयॉर्कमधल्या दोन बटणांची ही गोष्ट तुमच्या-आमच्या इमारतीपर्यंत येऊन पोहोचते.

घंटा घणघणत आगीचा बंब रस्त्याने निघाला की आपण सगळेच थबकतो. मुलं गॅलरीत धावतात. घरातली आजी हात जोडून पुटपुटते, ‘देवा, कुणाचं वाईट करू नकोस रे!’ आपली नजर असते ती लांबलचक शिडीवर, पाण्याच्या जाड नळ्यांवर आणि हेल्मेट चढवून बसलेल्या जवानांवर. पुढच्या सीटवरचा अधिकारी हातातल्या काळ्या संचात काहीतरी बोलत असतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

हा संच म्हणजे वॉकीटॉकी. बाजूचं बटण दाबायचं आणि बोलायचं. सोडलं की ऐकायचं. एवढं सोपं यंत्र! पण आगीच्या जागी तेच जवानाचे डोळे आणि कान असतात. धुराने कोंदलेल्या जिन्यात त्याला स्वत:चा हातसुद्धा दिसत नाही. खाली पाण्याचा दाब किती आहे, मागच्या बाजूने आग पसरली का, छत खचायला लागलंय का, हे त्याला बाहेरचा माणूसच सांगू शकतो. ‘पुढे जा’ हा हुकूम उशिरा पोहोचला तर आग वाढते. ‘मागे फिरा’ हा हुकूम पोहोचलाच नाही तर माणूस जातो.

आपल्याला हे नव्याने सांगायला नको. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभू लढत होते. महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची तोफ कानी पडेपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संदेश कानावर पडेपर्यंत शूर माणूस जागा सोडत नाही. म्हणूनच तो त्याच्या कानावर वेळेत पडेल याची काळजी मागे राहिलेल्यांनी घ्यायची असते.

भिंत आडवी येते

वॉकीटॉकीतून निघालेली रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने धावते. मग चाळीस मजल्यांवरच्या माणसापर्यंत ती का पोहोचत नाही? कारण मध्ये भिंत येते. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता आणि मोबाइलवरचं बोलणं तुटतं. मॉलच्या तळघरात गाडी लावताना फोन मुका होतो. सिमेंट काँक्रीट आणि त्यातल्या लोखंडी सळ्या लहर शोषून घेतात किंवा परतवून लावतात. उंच इमारत म्हणजे अशा भिंतींची एकावर एक रचलेली चळतच.

अग्निशामक दलं आणि पोलीस जगभर मुख्यत: दोन पट्ट्यांत बोलत आले आहेत. एक व्हीएचएफ आणि दुसरा यूएचएफ. फ्रिक्वेन्सी म्हणजे शाळेत आपण जिला कंप्रता म्हणत होतो ती, लहर सेकंदाला किती वेळा थरथरते तो आकडा. १५० मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ लहरीची लांबी साधारण २ मीटर भरते. ४५० मेगाहर्ट्झच्या यूएचएफ लहरीची जेमतेम ६७ सेंटिमीटर. लांब लहर मोकळ्या माळावर, टेकड्यांच्या कडेने चांगली जाते. आखूड लहर दारं, खिडक्या, जिन्याच्या पोकळ्या यांतून वाट काढते, त्यामुळे दाट वस्तीच्या शहरांना ती सोयीची वाटते. पण तिलाही मर्यादा आहेच. हातातल्या संचाची ताकद असते फार तर ५ वॅट, म्हणजे घरातल्या शून्याच्या बल्बपेक्षाही कमी. एवढ्या शक्तीत तो आवाज किती भिंती फोडणार?

रिपीटर म्हणजे काय?

या अडचणीवरचा उपाय म्हणजे रिपीटर. नावातच सगळं आलं. ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवणारा. खेड्यात नदीच्या अल्याडच्या माणसाचा आवाज पल्याड जात नसेल, तर मधल्या टेकाडावर उभा असलेला गुराखी तोच निरोप मोठ्याने ओरडून पुढे पोहोचवतो. रिपीटर हा असाच गुराखी. वॉकीटॉकीतून आलेला क्षीण आवाज तो पकडतो आणि त्याच क्षणी कितीतरी जास्त शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो.

त्याला एकाच वेळी ऐकायचं असतं आणि बोलायचंही असतं. तो एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन्ही करू लागला तर स्वत:च्या ओरडण्याने स्वत:च बहिरा होईल. म्हणून तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. जवानांचे संच बरोबर उलटे लावलेले असतात. रिपीटर जितका उंच, तितकी त्याची नजर लांब. पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारला तो याच कारणाने. शहरभर पसरलेल्या गाड्यांशी नियंत्रण कक्षाला बोलायचं असेल, तर टेकडीवर किंवा उंच इमारतीच्या गच्चीवर रिपीटर बसवतात. एखाद्या प्रचंड इमारतीच्या पोटातच बोलायचं असेल, तर रिपीटर त्या इमारतीत बसवतात आणि मजल्यामजल्यांवर अँटेना पसरतात. बोगद्यात तर जागोजागी फटी ठेवलेली खास केबल टाकतात. या फटींतून लहर थोडी थोडी बाहेर झिरपत राहते.

असं असेल तर सगळं काम रिपीटरवरूनच का करत नाहीत? कारण त्यातही एक मोठी मेख आहे. रिपीटर बंद पडला किंवा जवान त्याच्या टप्प्याबाहेर गेला, तर चार हातांवरच्या सोबत्यालाही त्याचा आवाज जात नाही. सगळा निरोप त्या गुराख्यामार्फतच जायचा ना! म्हणूनच अनुभवी दलं आगीच्या तोंडाशी संचावरून संचावर थेट बोलणं पसंत करतात आणि लांबच्या निरोपासाठी रिपीटर वापरतात. कुठला चॅनल कशासाठी, हे आधी ठरलेलं असावं लागतं. धुरात उभं राहून ते ठरवता येत नाही.

१९९३ चा इशारा

न्यूयॉर्कचे ११० मजली जुळे मनोरे, वर्ल्ड ट्रेड सेंटर. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी दुपारी तिथल्या तळघरातल्या वाहनतळात बॉम्बने भरलेल्या गाडीचा स्फोट झाला. ६ माणसं मेली, हजाराहून अधिक जखमी झाली. हजारो लोक अंधाऱ्या, धुराने भरलेल्या जिन्यांतून खाली उतरले. त्या दिवशी अग्निशामक दलाच्या ध्यानात आलं, की या अजस्र इमारतीत आपले वॉकीटॉकी नीट चालत नाहीत. वरच्या मजल्यांवर गेलेल्यांचा खालच्यांशी संपर्क राहत नाही.

इमारतीची मालकी असलेल्या पोर्ट ऑथॉरिटीने मग १९९४ मध्ये स्वत:च्या खर्चाने अग्निशामक दलासाठी रिपीटर बसवला. यंत्र ठेवलं मनोऱ्यांच्या शेजारच्या ५ क्रमांकाच्या इमारतीत. ते कायम चालू ठेवावं, असं पोर्ट ऑथॉरिटीचं म्हणणं होतं. दलाला ते सोयीचं नव्हतं. रिपीटर सतत चालू राहिला तर आसपासच्या भागात दलाच्या इतर कामांच्या बोलण्यात त्याचा अडथळा येण्याची शक्यता होती. तेव्हा ठरलं, की तो गरज पडेल तेव्हाच चालू करायचा. सुरुवातीला ते काम पोर्ट ऑथॉरिटीच्या पोलिसांकडे होतं. २००० सालच्या वसंतात, दलाच्याच मागणीवरून, तो चालू करण्याचे कन्सोल दोन्ही मनोऱ्यांच्या तळमजल्यावरच्या अग्निसुरक्षा टेबलांवर बसवले गेले. आता ती जबाबदारी पूर्णपणे दलाची झाली.

जवानांच्या हातात नवे संच देण्याचाही प्रयत्न झाला. मार्च २००१ मध्ये दलाला नवे डिजिटल संच मिळाले. पण क्वीन्स भागात एका घराच्या तळघरात अडकलेल्या जवानाने मदतीसाठी दिलेली हाक त्याच्या जवळच्या सोबत्यांनाच ऐकू गेली नाही. आठवड्याभरातच ते संच परत घेण्यात आले. जुने अॅनलॉग संच पुन्हा जवानांच्या कमरेला लागले. तेच, जे १९९३ मध्ये अपुरे पडले होते.

दोन बटणं

११ सप्टेंबर २००१. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिलं विमान उत्तरेकडच्या मनोऱ्यात घुसलं. बटालियन चीफ जोसेफ फायफर त्या वेळी जवळच्याच रस्त्यावर गॅसच्या वासाची तक्रार तपासत होते. विमान त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि काही मिनिटांतच ते मनोऱ्याच्या तळमजल्यावर हजर झाले. त्यांच्यापाठोपाठ एकेक तुकडी येऊ लागली. लिफ्ट बंद होत्या. अंगावर जाड कोट, पाठीवर श्वसनयंत्र, खांद्यावर नळी, असं पंचवीस किलोंहून जास्त ओझं घेऊन जवान जिने चढू लागले. त्यांत फायफर यांचा धाकटा भाऊ केव्हिनही होता. तो दलात लेफ्टनंट होता. वर जाण्यापूर्वी दोघे भाऊ क्षणभर समोरासमोर उभे राहिले. मग केव्हिन आपली तुकडी घेऊन जिन्याकडे गेला.

रिपीटरच्या कन्सोलवर दोन बटणं होती. एक दाबलं की रिपीटर जागा होई. दुसरं दाबलं की टेबलावरचा मुख्य हँडसेट चालू होई. पुढे झालेल्या चौकशीत पुराव्यांवरून असं दिसलं, की ८ वाजून ५४ मिनिटांनी पहिलं बटण दाबलं गेलं. दुसरं दाबलं गेलं नाही.

९ वाजून ५ मिनिटांनी दोन अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली. एक हँडसेट धरून उभा राहिला, दुसरा थोडा लांब जाऊन आपल्या वॉकीटॉकीवर बोलला. दुसरं बटण न दाबल्यामुळे हँडसेटवरून आवाज गेला नाही. समोरचा आवाजही ऐकू आला नाही. एक तर यंत्रात दोष असावा, किंवा वापर नसताना कन्सोलचा आवाज लहान ठेवण्याची जी रीत होती तसाच तो राहून गेला असावा. अधिकाऱ्यांनी समजूत करून घेतली, की रिपीटर बंद पडलाय. आजूबाजूला काचा फुटत होत्या, माणसं वरून कोसळत होती, दोन मिनिटांपूर्वीच दुसरं विमान दक्षिण मनोऱ्यावर आदळलं होतं. यंत्राशी खटपट करायला वेळ कुणाला होता? उत्तर मनोऱ्यात रिपीटर वापरायचा नाही असं ठरलं. सगळे साध्या, थेट चॅनलवर बोलू लागले.

आणि रिपीटर? तो चालू होता!

सातवा चॅनल

हे कळलं ते दक्षिण मनोऱ्यात. तिथे चढून गेलेल्या बटालियन चीफ ओरिओ पामर यांनी संच सातव्या चॅनलवर, म्हणजे रिपीटरवर लावला. पामर हे दलातले रेडिओचे जाणकार मानले जात. त्यांनी एक लिफ्ट चालू करून ४०व्या मजल्यापर्यंतची चढण वाचवली आणि पुढे जिन्याने धावत सुटले. पाठोपाठच्या जवानांना ते सातव्या चॅनलवरून सूचना देत राहिले आणि त्या स्पष्ट ऐकू जात होत्या. ९ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास ते ७८व्या मजल्यावर पोहोचले. आग दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहे, दोन नळ्यांनी ती आटोक्यात आणता येईल, इथे बरीच माणसं पडली आहेत, असं त्यांनी शांतपणे खाली कळवलं. विमान आदळलेल्या मजल्यांपर्यंत कुणी पोहोचू शकेल, अशी खालच्या कुणाला कल्पनाही नव्हती.

९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. ओरिओ पामर आणि त्यांचे सहकारी परत आले नाहीत. रिपीटरवरचं बोलणं मात्र आपोआप ध्वनिमुद्रित होत होतं. ढिगाऱ्यातून ती टेप मिळाली आणि २००२ मध्ये तिच्यातला मजकूर लोकांसमोर आला. मरणाऱ्यांच्या नातेवाईकांनी आपल्या माणसांचे शेवटचे आवाज ऐकले. रिपीटर चालू होता याचा तो पुरावाही ठरला.

‘मागे फिरा!’

दक्षिण मनोरा पडला तेव्हा उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर अंधार झाला. धुळीचा लोट आत घुसला. फायफर आणि सोबतचे अधिकारी एका बाजूच्या मार्गात ढकलले गेले. शेजारचा ११० मजली मनोरा नाहीसा झालाय, हे त्यांनाही कळलं नव्हतं. तरीही काहीतरी भयंकर घडलंय हे ओळखून फायफर यांनी मिनिटाभरातच वॉकीटॉकीवर हुकूम दिला. उत्तर मनोऱ्यातल्या सर्वांनी इमारत सोडावी.

हुकूम सुटला. काहींनी ऐकला. काहींनी नाही ऐकला. काहींच्या संचात नुसती खरखर आली. एकाच चॅनलवर शेकडो जण बोलत होते. या प्रकारच्या रेडिओत दोघांनी एकदम बटण दाबलं तर बलवान लहर जिंकते आणि दुबळी लहर दबते. खोलवर अडकलेल्या माणसाची लहर नेहमी दुबळीच असते. सुटी असूनही घरून धावत आलेले कित्येक जवान तर संचाविनाच वर गेले होते. आणि ज्यांनी हुकूम ऐकला, त्यांतल्या काहींनी घाई केली नाही. दक्षिण मनोरा पडलाय, हे त्या हुकमात नव्हतंच. दमलेल्यांना घेऊन, नागरिकांना धीर देत ते सावकाश उतरत राहिले.

त्याच वेळी आकाशात पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. १० वाजून ८ मिनिटांनी एका वैमानिकाने कळवलं, की उत्तर मनोरा आता फार वेळ तग धरेल असं वाटत नाही. हा इशारा पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर गेला. अग्निशामक दलाची फ्रिक्वेन्सी वेगळी होती. बाहेरच्याला दिसत होतं ते आतल्याच्या कानापर्यंत गेलं नाही.

१० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोराही कोसळला. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलातले ३४३ जण गेले. शहरातल्या एकूण बळींची संख्या २७५३. केव्हिन फायफर परतला नाही.

दोष कुणाचा?

‘एक बटण दाबलं असतं तर सगळे वाचले असते,’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरं नाही. अमेरिकी सरकारने नेमलेल्या आयोगाने जुलै २००४ मध्ये दिलेल्या अहवालात या प्रश्नाचा बारकाईने विचार केला. दक्षिण मनोरा कोसळेपर्यंत रिपीटर निदान काही प्रमाणात चालू होता हे नक्की. त्यानंतर तो चालू राहिला असता की नाही, हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. उत्तर मनोऱ्यात असलेल्या जास्तीत जास्त ३२ तुकड्यांपैकी तब्बल २४ तुकड्यांना माघारीचा हुकूम कळला असावा, असंही आयोगाला आढळलं. काहींना रेडिओवरून, काहींना जिन्यात भेटलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडून.

मग चूक कुठे झाली? ती एका माणसाच्या बोटात शोधण्यात अर्थ नाही. संकटाच्या क्षणी दोन बटणं दाबावी लागतील, अशी यंत्रणा केली. ती तळमजल्यावर नेऊन ठेवली. १९९३ च्या अनुभवानंतरही हातातले संच आठ वर्षं तेच राहिले. पोलीस आणि अग्निशामक दल यांनी एकमेकांशी बोलण्याची सवय लावून घेतली नाही. या सगळ्या गोष्टी शांततेच्या काळात घडल्या होत्या. त्या दिवशी त्यांची फक्त किंमत मोजावी लागली.

नंतर बदल झाले. न्यूयॉर्कच्या दलाने ‘पोस्ट रेडिओ’ नावाचा ४५ वॅटचा, पेटीसारखा उचलून नेता येणारा संच तयार करून घेतला. उंच इमारतीत अधिकारी तो बरोबर घेऊन जातो. इमारतीत बसवलेल्या यंत्रावर विसंबून राहण्याऐवजी आपला आवाज आपणच न्यायचा, हा त्यामागचा विचार. शहराच्या २०१४ च्या बांधकाम नियमांत नव्या उंच इमारतींना अग्निशामक दलासाठी स्वतंत्र अंतर्गत रेडिओ यंत्रणा बसवणं सक्तीचं झालं. २०१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशामक दल या सगळ्यांसाठी देशभर एक सामाईक जाळं उभारायला घेतलं आणि ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक भाग त्यासाठी राखून ठेवला.

आपल्या दारात

‘हे सगळं अमेरिकेत झालं, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. संबंध आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर आग लागली. पोटात कापूस आणि स्फोटकं भरलेलं ते जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीत इमारतीचा भाग कोसळला आणि मुंबई अग्निशामक दलाचे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. आगीत सापडलेली इमारत किती वेळ उभी राहील हे कुठल्याही देशात आतल्या माणसाला दिसत नाही.

आणि आपल्या इमारती आता उंच होत चालल्या आहेत. मुंबई, ठाणे, पुणेच नव्हे, तर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, जिथे जिथे आपली माणसं राहतात तिथे तिथे तीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले आहेत. खाली दोन-तीन मजल्यांची तळघरं, तिथे मोटारींची दाटी. त्या तळघरात तुमचा मोबाइल चालत नसेल, तर जवानाचा वॉकीटॉकी चालेल याची खात्री कोण देणार?

आपल्याकडे फ्रिक्वेन्सीचं वाटप केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा करते. पोलीस, विमानतळ, अग्निशामक दलं, प्रत्येकाला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली असते. त्यात कुणी ढवळाढवळ केली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. तरीही लग्नाच्या हॉलमध्ये, सहलीत, गणेशोत्सवात वापरायला म्हणून परवाना नसलेले वॉकीटॉकी इंटरनेटवरून सर्रास मागवले जात. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन दुकानांना नोटिसा बजावल्या आणि मार्गदर्शक नियमही काढले. स्वस्तात मिळालेला संच चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर चालत असेल, तर तुमच्या ‘जेवणाची पंगत बसवा’ या निरोपाखाली कुणाची तरी मदतीची हाक दबू शकते!

तुम्ही काय कराल?

सोसायटीची वार्षिक सभा आठवा. पार्किंगवरून दोन तास भांडण होतं आणि अग्निसुरक्षेचा विषय ‘पुढच्या सभेत घेऊ’ म्हणून सरकतो. यंदा तो पहिला घ्या. पुढच्या गोष्टींना फारसा खर्चही येत नाही.

० तळघरात, लिफ्टसमोर आणि सर्वांत वरच्या मजल्यावर सुरक्षारक्षकांचे वॉकीटॉकी एकमेकांना ऐकू जातात का, हे महिन्यातून एकदा तपासा. जिथे आवाज तुटतो ती जागा वहीत लिहून ठेवा.

० कवायतीच्या वेळी स्थानिक अग्निशामक केंद्राच्या अधिकाऱ्यांना बोलवा आणि त्यांचे संच तुमच्या तळघरात चालतात का, ते त्यांनाच पाहू द्या.

० प्रत्येक मजल्यावर ऐकू जाणारी ध्वनिक्षेपक यंत्रणा असेल तर ती खरोखर वाजते का ते बघा. कुठलं बटण कशाचं, हे मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत लिहून तिथेच चिकटवा. रात्रपाळीच्या रखवालदाराला ते स्वत: दाबून पाहायला लावा.

० महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, जिथे तो लागू आहे अशा इमारतींनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते दिलं का, हे सेक्रेटरींना विचारा.

० आग लागली तर १०१ किंवा ११२ वर फोन करा. पत्ता, जवळची खूण, कितवा मजला, आत कुणी अडकलंय का, एवढं सांगा. समोरच्याने ते परत म्हणून दाखवलं की मगच फोन ठेवा. लिफ्ट वापरू नका.

यातली शेवटची सवय अग्निशामक दलांकडूनच शिकण्यासारखी आहे. चांगला जवान हुकूम ऐकला की तो परत म्हणून दाखवतो. ‘तिसरा मजला, मागची बाजू, कळलं.’ बोलणाऱ्याला खात्री होते. बटण दाबलं की क्षणभर थांबायचं, मग थोडक्यात बोलायचं, कारण दाबल्या दाबल्या बोललं तर पहिला शब्द कापला जातो. ‘आत जाऊ नका’ मधला पहिला शब्द गेला तर काय उरतं, ते तुम्हीच बघा.

जोसेफ फायफर यांनी पुढे कितीतरी वर्षं दलात काढली आणि संकटाच्या वेळी वेगवेगळ्या खात्यांनी एकमेकांना माहिती कशी द्यावी, हाच विषय आयुष्यभराचा केला. ज्या माणसाचा हुकूम स्वत:च्या भावाला वाचवू शकला नाही, त्याने इतरांचा हुकूम तरी पोहोचावा म्हणून धडपड केली. पुढच्या वेळी रस्त्याने बंब घणघणत जाईल तेव्हा मुलांना शिडी आणि नळ्या जरूर दाखवा. पण पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हातातली ती काळी पेटीही दाखवा. आणि संध्याकाळी खाली उतरून सुरक्षारक्षकाला एवढंच विचारा, ‘दादा, तळघरातून तुमचा आवाज वरपर्यंत येतो का हो?’